फिरोजीनं काळी पगडी बांधली

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस म्हटला की डोळ्यांपुढे एक थंड इसम उभा राहतो. सावकाश जिना चढणारा, स्क्रू फिरवताना जांभई देणारा, "होईल हो" म्हणून दुपारी गायब होणारा. आपला फिरोजी यांतला अजिबात नव्हे. पायाला भिंगरी आणि बुडाला काटे घेऊनच तो जन्माला आला असावा. चहाचा कप हातात घेऊन तो खुर्चीत बसलाय, हे दृश्य त्याच्या लग्नाच्या बायकोनंही कधी पाहिलं नाही. पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा व्हरांड्यात, तिसरा जिन्यात, आणि रिकामा कप तळमजल्यावरच्या शिंप्याच्या मशीनवर. दुपारी त्याची बायको, अख्ख्या गल्लीची वहिनी, वरून हाक मारायची, "मास्तर, आमचा कप!" मास्तर कात्री न थांबवता विचारायचा, "कुठला देऊ? कालचा की आजचा?"

फिरोजी हे काही त्याचं नाव नाही. ते त्याच्या पगडीचं नाव. लग्नानंतर कधीतरी वहिनीला बाजारात त्या रंगाचा अख्खा तागा स्वस्तात सापडला आणि तिनं नवऱ्याच्या डोक्याचा प्रश्न कायमचा मिटवून टाकला. तागा संपता संपेना. मधल्या काळात गल्लीला त्या रंगाची सवय झाली, इमारतींना झाली, खुद्द त्यालाही झाली. लांबून निळसर हिरवा ठिपका दिसला की लोक म्हणायचे, आला फिरोजी. जवळ येऊन खात्री करायची गरजच कुणाला पडली नाही. ही गोष्ट पुढे महागात पडणार होती, पण सवय आधी सांगून थोडीच महागात पडते.

रोज सकाळी पगडीच्या घडीचा कार्यक्रम व्हरांड्यात. कापड चांगलं लांबलचक. एक टोक त्याच्या हातात, दुसरं वहिनीच्या. दोघांनी ताणायचं, झटकायचं, दुमडत दुमडत जवळ यायचं. त्या वेळात शेजाऱ्यापाजाऱ्यांना कामावर निघायचं असेल तर कापडाखालून वाकून जावं लागे. "जकात भरा आणि जा," वहिनी म्हणायची. आदल्या रात्री नवरा-बायकोत वाजलं असलं की वहिनी आपलं टोक मुद्दाम सैल सोडायची आणि फिरोजी मागच्या मागे भिंतीवर आदळायचा. त्या आवाजावरून मजल्याला त्या घरातलं हवामान समजे.

तर त्या दिवशी हवामान ठीक होतं, कापडच नव्हतं. त्यांच्या लेकीनं आदल्या दिवशी उत्साहाच्या भरात वडिलांच्या धुवायच्या सगळ्या पगड्या आपल्या नव्या लाल ओढणीबरोबर एकाच बादलीत भिजवल्या होत्या. बादलीतून जो रंग निघाला त्याला अजून कुठल्याच भाषेत नाव नाही.

"पप्पा, जांभळटच आहे. चालेल ना?" लेक म्हणाली.

"हे जांभळट? अगं, हे वांगं पावसात भिजून आजारी पडल्यासारखं दिसतंय," वहिनी कपाटात शिरली आणि लग्नाकार्याला बांधायची काळी पगडी घेऊन बाहेर आली. "आजच्या दिवस ही घ्या."

फिरोजीनं काळी बांधली. आरशात एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं. बरा दिसत होता. जरा रुबाबदारच. खाली मास्तरनं सुई दातात धरून शिट्टी मारली, "काय सरदारजी, मुलगी बघायला निघालात का?"

"लिफ्ट बघायला," म्हणत तो चालूही लागला.

त्या उंच इमारतीची सर्विस खरं तर दुसऱ्या दिवशी होती. पण मागच्या खेपेला लिफ्ट वर जाताना कण्हत होती. बाकी कुणाच्या कानाला ते कळलं नसतं. फिरोजीला ते कण्हणं दाढेतल्या कळेसारखं महिनाभर छळत होतं. त्याला उद्यापर्यंत दम निघणं शक्यच नव्हतं. गेटवरचा वॉचमन चहाला गेला होता. फिरोजीनं लिफ्ट बंद केली, दारावर "काम चालू" अशी पाटी अडकवली, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि जाड वायरचं वेटोळं घेतलं, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे निघाला.

पाचव्या मजल्यावर एक बाई राहायच्या. इमारतीत त्यांना दुर्बीण म्हणत, कारण दाराच्या भिंगाला डोळा लावून त्या जेवढं जग बघत तेवढं लोक फिरूनसुद्धा बघत नाहीत. त्यांनी भिंगातून काय पाहिलं? काळी पगडी, दाढी, पिशवी, वायर, आणि पळत पळत वर जाणारे पाय. दार किलकिलं करून त्यांनी मोबाईल बाहेर काढला आणि पाठमोरा फोटो टिपला. इमारतीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं : "अनोळखी इसम. गच्चीकडे गेला. सामान संशयास्पद."

मग काय विचारता! एरवी पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल विचारलं तर ज्या ग्रुपवर दोन दिवस कुणी हूं की चूं करत नाही, तिथे ज्ञानाचा नळ फुटला.

"वायर आहे हातात. नीट बघा."

"हे तिकडचेच असणार. टीव्हीवर दाखवतात ते."

"ते वेगळे हो. ते पांढरं बांधतात."

"वेगळे असोत नाहीतर एकच. आपल्या गच्चीवर काय काम?"

"आपले लिफ्टवाले सरदारजी पण पगडी बांधतात."

"त्यांची फिरोजी असते. ते आपले आहेत."

सेक्रेटरी हा तसा भला माणूस. कुणाचं वाईट चिंतायला लागणारी सवडच त्याच्याकडे नव्हती. त्यानं आधी पोलिसांना फोन लावला, आणि मग त्याला आठवलं की गच्चीचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेला एक विश्वासाचा माणूस आपल्याकडे आहे. त्यानं फिरोजीला फोन लावला.

फिरोजी मशीनच्या खोलीत गुडघ्यांवर बसून वंगण घालत होता.

"सरदारजी, कुठे आहात?" सेक्रेटरी कुजबुजला.

"तुमच्याच गच्चीवर, साहेब."

"काय सांगता! अरे बापरे. नीट ऐका. एक संशयित माणूस वर आलाय. पिशवी आहे, वायर आहे. सांभाळून राहा. पोलीस निघालेत."

फिरोजीनं वंगणाचा डबा बाजूला ठेवला. त्यानं मोठा पाना उचलला. श्वास रोखून खोलीबाहेर आला. टाकीच्या मागे डोकावला. दुसऱ्या टाकीच्या मागे डोकावला. वाळत घातलेल्या चादरी पान्याच्या टोकानं एकेक करून बाजूला सारल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा स्वतःच पाना घेऊन स्वतःला शोधत गच्चीभर फिरत होता. "कोण आहे रे? बाहेर ये!" असं तो दोनदा ओरडला. खाली तेराव्या मजल्यावर कुणीतरी ते ऐकलं आणि ग्रुपवर कळवलं : "वर आरडाओरडा सुरू झाला आहे."

तेवढ्यात मोबाईल वाजला. सेक्रेटरीनं ओळख पटावी म्हणून फोटो पाठवला होता.

फिरोजीनं फोटो उघडला. पिशवी ओळखीची वाटली. तिचा तुटलेला बंद, त्याला वहिनीनं मारलेली गाठ. बुटाची घासलेली टाच. आपली पाठ माणूस कधी बघत नाही, म्हणून त्याला जरा वेळ लागला. मग हातातला पाना खाली आला.

एवढ्यात दोन पोलीस गच्चीवर पोचले. लिफ्ट बंद, त्यामुळे दोघंही जिन्यानं आलेले. बोलायला श्वास नव्हता, म्हणून ते बोटानं बोलत होते. पिशवी खाली. हात वर. पाना लांब. फिरोजीनं सगळं केलं. पिशवी उलटी झाली : पाने, पक्कड, ग्रीसचा डबा, जेवणाचा डबा. खिसे उलटे झाले. एक पातळ चकचकीत सळई निघाली.

"हे काय?"

"पगडीच्या घड्या आत खोचायची सळई आहे, साहेब."

"टोकदार आहे."

"बोथट खोचली जात नाही."

"पगडीत काय आहे?"

"केस."

"काढा."

इथवर फिरोजीला आतून थोडं हसूसुद्धा येत होतं. घरी जाऊन वहिनीला कसं सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. त्या एका शब्दावर ते हसू जागच्या जागी सुकलं.

"बाकी काय हवं ते बघा. कपडे तपासा, ऑफिसला फोन लावा, चौकीवर न्या," तो म्हणाला. "ही इथे नाही निघायची."

"का? लपवायचं काही नाही ना?"

"तुमची पँट काढा म्हटलं तर तुम्ही का काढणार नाही? काही लपवलंय म्हणून?"

म्हणू नये ते म्हणून गेला. धाकटा पोलीस पुढे सरकला. थोरल्यानं त्याचा दंड धरला. त्याच क्षणी धापा टाकत सेक्रेटरी वर आला आणि त्यानं फिरोजीकडे पाहिलं.

पाहिलं म्हणजे थेट, समोरासमोर, हातभर अंतरावरून. दर महिन्याला ज्याच्याशी लिफ्टपासून गुडघेदुखीपर्यंत बोलायचा त्या माणसाकडे सेक्रेटरीनं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत काहीही हललं नाही. "हाच तो," तो पोलिसांना म्हणाला.

"सेक्रेटरीसाहेब," फिरोजी म्हणाला.

आवाज कानावर पडला तेव्हा कुठे माणूस डोळ्यांना दिसला. "अहो, तुम्ही!" सेक्रेटरी कपाळावर हात मारून हसायला लागला. "हे आपलेच! लिफ्टवाले! अहो, काळी कशाला बांधलीत?" पोलीस हसले. जिन्यात थांबलेले चार रहिवासी वर येऊन हसले. दुर्बीणबाईंनी खालून चहा पाठवला, वर बिस्किटं. जो तो फिरोजीच्या पाठीवर थाप मारून तेच म्हणत होता : फिरोजी बांधली असतीत तर काही झालंच नसतं. म्हणजे चूक फिरोजीची. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ठाऊक होतं, संन्याशाला सुळावरून उतरवून वर "असले कपडे का घातलेस?" म्हणून दटावतात, हे नवीन.

फिरोजीनंही हसून घेतलं. चहा त्यानं घेतला नाही. गच्चीभर पसरलेली हत्यारं तो पिशवीत भरत राहिला.

पोलीस गेले, हसणं संपलं, फोटो मात्र संपला नाही. अफवेला चाकं असतात आणि खुलासा कुबड्यांवर येतो. इमारतीच्या ग्रुपवरून फोटो शेजारच्या इमारतीत गेला, तिथून पलीकडच्या वस्तीत. जाताना त्याला नवनवे कपडे चढत गेले. एका ठिकाणी तो लहान मुलं पळवत होता, दुसऱ्या ठिकाणी पाण्यात काहीतरी मिसळत होता. लिफ्ट कंपनीत फोन यायला लागले : तुमचा तो माणूस पाठवू नका, उगीच लोक घाबरतात.

कंपनीचे साहेब वयानं लहान आणि स्वभावानं मऊ. इतके मऊ की ज्याचा फोन शेवटचा येई त्याचा ठसा त्यांच्यावर उमटे.

"बघा, तुमच्या काळजीपोटीच म्हणतोय," ते म्हणाले. "थोडे दिवस गोदाम सांभाळा. पंखा आहे, खुर्ची आहे, पगार तोच. शांतपणे बसायचं."

"बसायचं?" फिरोजीनं असं विचारलं की जणू साहेबांनी झोपायला खिळ्यांची चादर दिली होती. "किती दिवस?"

"निवळेपर्यंत."

"आणि नाही निवळलं तर?"

साहेबांनी फोन वाजत नसताना उचलला.

गोदामातला फिरोजी म्हणजे काचेच्या बरणीतला भुंगा. सकाळी त्यानं सगळे नट आकाराप्रमाणे लावले, दुपारी ते मिसळून वजनाप्रमाणे लावले. खुर्चीवर त्यानं वंगणाचे डबे ठेवून दिले, म्हणजे बसायचा मोहच नको. मोह कुणाला होता! दाराशी उभं राहून बाहेर जाणारी कंपनीची गाडी बघायची, ती वळणावर दिसेनाशी झाली की भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या. बाहेर कुठल्या इमारतीत कुठली लिफ्ट कण्हतेय ते त्याला तिथून ऐकू येई. त्याच्या जागी धाडलेला मेकॅनिक चांगला होता, पण जांभई देणारा होता.

घरी आला की व्हरांड्यात फेऱ्या. वहिनीनं वाळत घातलेले कपडे त्याच्या येण्याजाण्याच्या वाऱ्यानंच वाळायला लागले. फिरता फिरता त्याचं मन सारखं एकाच जागी जाऊन अडे. पोलिसांचं त्याला फारसं काही नव्हतं; ते परके. दुर्बीणबाईंचं नव्हतं, त्यांनी पाठ पाहिली. पण सेक्रेटरीनं तोंड पाहिलं होतं. इतकी वर्षं तो बोलत होता तो कुणाशी? डोक्यावरच्या कापडाशी?

"तक्रार करा, पप्पा," लेक म्हणायची. बादलीची बोच तिला होतीच, ती रागातून बाहेर पडत होती. "मी लिहून देते."

"लिहिशील, आणि कोण वाचेल? साहेबच ना? त्यांना आधी शेवटचा फोन कुणाचा येतो ते बघ."

अशात एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला, आवाजात नुसती साखर. सेक्रेटरीनं स्वतः पुढाकार घेतला होता. इमारतीची बैठक भरली होती. ठराव झाला होता. फिरोजीनं पुन्हा यावं, सन्मानानं यावं, फक्त एक करावं : येताना नेहमी फिरोजीच पगडी बांधावी, म्हणजे सगळ्यांना ओळखायला सोपं. बाकीच्या इमारतींनाही ही कल्पना पसंत पडली होती. साहेबांनी लागलीच तो कामाचा नियमच करून टाकला. सोमवारपासून पुन्हा आपल्या वाटेवर.

घरात दिवाणखान्यापासून मोरीपर्यंत आनंद पसरला. मास्तर वर येऊन गेला. "लॉटरीच की! तुम्ही तसंही तीच बांधता. म्हणजे फुकटात सुटलात."

"हो ना," फिरोजी म्हणाला, आणि व्हरांड्यात जाऊन फेऱ्या मारायला लागला.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. मांजर येरझाऱ्या घालतं तेव्हा ते भुकेलेलं आहे की रागावलंय हे घरच्यांनाच कळतं.

"आता काय बिनसलं?"

"काही नाही."

"इतकी वर्षं तीच बांधत होतात. कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुझ्या."

"मी सांगितलं ते चाललं."

"तू तागा आणलास. मी नको म्हटलं असतं तर तू चार दिवस टोक सैल सोडलं असतंस, त्यापलीकडे काय केलं असतंस? पोलीस बोलावले असतेस?" तो थांबला. त्याचं थांबणं इतकं दुर्मीळ की वहिनीही सरळ उभी राहिली. "उद्या एखाद्या दिवशी बादलीत पुन्हा काहीतरी होईल. मग मी घाबरायचं. पगडी बांधताना माणसानं घाबरायचं? आणि माझं सोड. माझ्या मेहुण्यानं यायचं असलं तर? त्याच्याकडे फिरोजी नाही. म्हणजे त्याला धरा."

"माझ्या भावाला कशाला मध्ये आणता?"

"उदाहरण दिलं."

"दुसरं द्या." वहिनी आत गेली. भांडी जरा जास्तच वाजली. मग ती पुन्हा बाहेर आली. "आणि नोकरी गेली तर?"

"तर व्हरांड्यात फिरेन."

"तेच तर मला नकोय," वहिनी म्हणाली.

सोमवारी सकाळी वहिनीनं ताग्यातून फाडून खळ घातलेली कोरी फिरोजी काढून ठेवली होती. तो अंघोळ करून आला, तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"दुसरी दे."

"काळी?"

"काळी नको. काळी म्हणजे भांडायला गेल्यासारखं होईल. ती डाळिंबी दे."

वहिनीनं एक मोठा श्वास घेतला, सोडला, आणि डाळिंबी काढली. व्हरांड्यात दोघांनी कापड ताणलं. तिनं आपलं टोक इतकं घट्ट धरलं होतं की एक-दोनदा तोच पुढे ओढला गेला. जाणारे-येणारे गुपचूप वाकून गेले.

इमारतीच्या गेटवर वॉचमननं हात आडवा घातला. त्याला काय सांगितलं होतं? फिरोजी आला की सोड. समोर डाळिंबी.

"सेक्रेटरींना बोलाव," फिरोजी म्हणाला. त्याचे पाय उभ्याउभ्या चालत होते. टाच वर, टाच खाली. वाटेत त्यानं तीन वेळा परत फिरायचा विचार केला होता आणि तीनही वेळा पायांनी ऐकलं नव्हतं.

सेक्रेटरी आला. या वेळी आधी डोळे बारीक केले, मग ओळखलं. "अहो, सरदारजी, ठरलं होतं ना आपलं?"

"तुमचं ठरलं होतं."

"तुमच्याच सोयीसाठी. वयस्कर लोक आहेत, बायकामुलं आहेत. रंग बदलला की गोंधळ होतो हो."

"होतो ना. माझाही झाला होता," फिरोजी म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यापर्यंत तुमचे केस पांढरेशुभ्र होते. एक दिवस आलो तर समोर काळेभोर. मी पोलीस बोलावले का?"

पहिल्या मजल्याच्या खिडकीत सेक्रेटरीची बायको उभी होती. ती जी हसायला लागली ती खिडकीतून आतच गेली, आणि आतूनही ऐकू येत राहिली. वॉचमननं तोंड फिरवलं. शाळेच्या गाडीसाठी थांबलेल्या दोन बाया पदरात हसल्या. सेक्रेटरीचे कान पगडीच्या रंगाचे झाले.

"तसं नाही..." तो म्हणाला.

"फोटो काढा," फिरोजी म्हणाला.

"कसला?"

"माझा. या वेळी समोरून. ग्रुपवर टाका. लिहा, लिफ्ट मेकॅनिक."

सेक्रेटरीनं मोबाईल काढला. फिरोजी कसाबसा स्थिर उभा राहिला. तेवढ्यासाठीसुद्धा त्याला दात आवळावे लागले. फोटो गेला. दोघं एकाच पडद्यावर वाकून उत्तरांची वाट बघत राहिले, जसे निकालाच्या फळ्यापुढे नापास व्हायची भीती असलेले दोन विद्यार्थी.

"हे कोण?" पहिलं उत्तर आलं.

"नवीन मेकॅनिक का?"

"जुने सरदारजी कुठे गेले? फार सज्जन होते हो."

"त्यांना काढलं की काय? बिचारे."

फिरोजीनं ते वाचलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण आपल्याच मयताला आपण हजर आहोत आणि लोक चांगलं बोलताहेत याची गंमतही वाटली. सेक्रेटरी मात्र हसत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता, मग फिरोजीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. गच्चीवर आपल्याच डोळ्यांनी काय केलं होतं ते त्याला आत्ता ग्रुपवर लिहिलेलं दिसत होतं.

"मीही तसंच केलं होतं नाही का, त्या दिवशी," तो हळूच म्हणाला.

फिरोजीनं खांद्यावरची पिशवी सावरली. "तुमचा ठराव असेल तर मी परत गोदामात जातो," तो एवढंच म्हणाला. "साहेबांना सांगतो, तेवढं जमणार नाही. कुठला रंग ते मी सकाळी ठरवणार." आणि तो खरंच वळला. नुसता धाक दाखवायला वळणारा माणूस हळू वळतो. हा भर्रकन वळला, म्हणून सेक्रेटरीला ते खरं वाटलं.

"थांबा, थांबा! सोड रे त्यांना आत," तो वॉचमनला म्हणाला. "ठरावाचं मी बघतो. लिहिला मीच होता. तुमच्या साहेबांनाही फोन करतो."

"आत्ता करा," फिरोजी म्हणाला. "शेवटचा फोन तुमचा पाहिजे."

सेक्रेटरीनं तिथेच उभ्यानं फोन लावला. या इमारतीपुरता नियम गेला. दुसऱ्या दोन इमारतींनी अजून हट्ट सोडलेला नव्हता. तिथे जांभईवालाच जाणार, असं साहेबांनी अपराधी आवाजात सांगितलं. म्हणजे वाट परत मिळाली, पण मध्ये दोन भोकं असलेली. फिरोजीनं मान हलवली. त्या दोन लिफ्टा त्याला आता कायम ऐकू येणार होत्या.

त्यानं लिफ्ट बंद केली आणि जिन्याला लागला. आज जिना नेहमीसारखा नव्हता. हे जुनेच सरदारजी, असं सेक्रेटरीनं कळवल्यावर ग्रुपवर आता उलटी लाट आली होती. मजल्यामजल्यावर दारं उघडत होती आणि लोक त्याचं तोंड बघायला बाहेर येत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी चष्मा पुसून पाहिलं. तिसऱ्यावर एक आजी म्हणाल्या, "नाक किती सरळ आहे हो!" चौथ्यावरची साखळी मात्र लागलेलीच होती, आणि फटीतून एक डोळा त्याच्याबरोबर वळला. पाचव्यावर दुर्बीणबाईंनी दार सताड उघडलं, म्हणाल्या, "मागून काढला होता मी. समोरून काढायचं धाडस झालं नाही." मग त्याही आत गेल्या, तोही वर गेला. कुणी बघत नव्हतं तेव्हा ते टोचत होतं, आणि आता सगळे बघत होते तर तोंडावर माशा बसल्यासारखं होत होतं. त्यानं तीन-तीन पायऱ्या गाळायला सुरुवात केली.

मशीनच्या खोलीत शिरून त्यानं पिशवी खाली टाकली. जांभईवाल्यानं ग्रीस बाहेरून नुसतं चोपडलं होतं, आतला भाग कोरडा ठणठणीत. फिरोजीनं त्याच्या नावानं एक शिवी मोजूनमापून हासडली आणि गुडघ्यांवर बसला. पहिला बोल्ट सुटेना. दुसऱ्यांदा धरला, तरी पाना निसटला. तिसऱ्यांदा बसला.

खालून, जिन्याच्या पोकळीतून, एक वैतागलेला आवाज वर आला, "अहो मेकॅनिक! किती वेळ लागेल अजून? ऑफिसला जायचंय!"

"जिन्यानं जा," फिरोजी ओरडला आणि बोल्ट फिरवायला लागला.